मदत हवी आहे: 'ॲस्टॉनिश'चं मूळ आणि मराठी जोडी

मंडळी, लेकीला आठवीच्या भाषा प्रोजेक्टसाठी एक इंग्रजी शब्द आणि त्याचं मूळ असा तक्ता करायचाय, सोमवारी द्यायचाय. तिने 'ॲस्टॉनिश' घेतला. नुसता अर्थ नकोय, 'आश्चर्यचकित' तर सगळ्यांनाच माहितीये.

आत्तापर्यंत एवढं कळलंय की जुन्या फ्रेंचमधल्या 'एस्तोने'वरून तो आला, आणि त्याच्या मागे लॅटिन 'तोनारे' म्हणजे गडगडणं. थोडक्यात डोक्यावर वीज कोसळल्यावर माणूस बधिर होतो तसं. 'स्टन' आणि 'अस्टाउंड' ही त्याचीच भावंडं. काल ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन संस्कृत कोश चाळला तर 'स्तनयित्नु' म्हणजे गडगडणारा मेघ असं सापडलं, आणि हा 'तोनारे'चा, इंग्रजी 'थंडर'चाही, लांबचा भाऊच निघाला! मी आणि ती दोघं उभ्या उभ्या हसलो.

आधी मी आगाऊपणे 'स्तंभित' लिहायला लावलं होतं, ऐकायला सारखं वाटतं म्हणून, पण त्याचं मूळ 'स्तंभ्', म्हणजे खांबासारखं ताठ होणं, ते वेगळं, त्यामुळे तो सांगू नका प्लीज. 'थक्क' आणि 'अवाक्'ही झालेत, त्यात गडगडाट कुठे आहे? (अवाक् तर सरळ वाचा गेलेला.)

तर एवढंच विचारायचंय, बोलीतला चालेल, गावाकडचा तर अजून छान: ढगांच्या गडगडाटावरून किंवा वीज पडण्यावरून आश्चर्याचा अर्थ आलेला एखादा मराठी शब्द किंवा वाक्प्रचार तुमच्याकडे वापरतात का?