विषय: सीमाभाग शिष्यवृत्ती, अडलेला एक अर्ज

मंडळी, नमस्कार.

यंदाच्या अर्जांत एकावर अडलंय. विद्यार्थिनी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीकॉमला. दहावीच्या मार्क्सकार्डावर मुलाचं नाव, अर्जावर तिनं स्वतः घेतलेलं. आपल्या फॉर्मात ‘मुलगा/मुलगी’ एवढंच आहे. ऑडिटला कागद जुळायला हवेत, शिवाय आपण राहतो त्या टेक्सासातलं वातावरण तुम्ही जाणताच. यंदा हा अर्ज बाजूला ठेवावा असं माझं मत.
— खजिनदार

खजिनदारकाका,

तुमच्या काटेकोरपणावरच हा निधी टिकलाय. तरी हा अर्ज बाजूला ठेवू नका, हात जोडून सांगते.

टेक्सासचं आधी. सिनेट बिल 17 मुळे 1 जानेवारी 2024 पासून इथल्या सरकारी विद्यापीठांना डीईआय (विविधता, समता, समावेशन) कार्यालयं ठेवता येत नाहीत. माझी लेक अशाच एका विद्यापीठात आहे. ज्या खोलीत ती आणि तिची ट्रान्स मैत्रीण दुपारी डबा खायच्या, त्या खोलीला आता कुलूप आहे. पण तो कायदा सरकारी विद्यापीठांना आहे. आपल्या देणगीला कुणी अडवलेलं नसताना ते कुलूप आपण बेळगावात नेऊन का लावायचं?

तिकडचा कायदा तर तिच्या बाजूचा. सुप्रीम कोर्टानं 15 एप्रिल 2014 ला नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांना शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्या म्हणून सांगितलं. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्कसंरक्षण कायद्याचं कलम 13 कॉलेजांना भेदभाव करू देत नाही. कर्नाटकानं 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का राखला.

मी तिच्याशी फोनवर बोलले (तिला विचारूनच लिहितेय). अडतंय ते खोलीपाशी. मुलींच्या हॉस्टेलात घेत नाहीत, मुलांच्या हॉस्टेलात रात्री दाराला ट्रंक लावून झोपायची. शेवटी सोडलं. आता पहाटेच्या बसनं येते, परतायला अंधार होतो. गावात म्हणतात, “जोगप्पा हो नि सौंदत्तीला जा, शिकून काय करतंस?” यल्लम्मादेवीला वाहिलेल्या जोगप्पांच्या त्याच परंपरेतल्या मंजम्मा जोगतींना 2021 ची पद्मश्री मिळाली, त्यांचा मान मोठाच. पण हिला अकाउंट्स शिकायचंय, काका. टॅली येतं म्हणाली, आणि ते सांगताना पहिल्यांदा आवाज मोकळा झाला.

शाहू महाराजांनी 1902 ला निम्म्या जागा राखल्या, पण कोल्हापुरात बोर्डिंग काढलं ते आदल्याच वर्षी. पोराला आधी छप्पर आणि जेवण लागतं. म्हणून माझी मागणी फीसोबत खोलीभाड्याचीही आहे.

राहिलं नाव. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारदप्तरी बेळगावी झालं, तरी आपल्या घरांत बेळगावच आहे. आपलं नाव दुसऱ्यानं ठरवलं की कसं लागतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ती लिहील ते नाव घ्या.
— खानापूरची लेक, ऑस्टिन

ताई,

मेल दोनदा वाचली. मार्क्सकार्डावरचा रजिस्टर नंबर कॉलेजच्या पावतीशी जुळतो, ऑडिटला तेवढं दाखवता येईल. नाव ती लिहील तेच. कमिटीतल्या दोघांचे नाराजीचे फोन आले, त्यांच्याशी मी बोलतो. टिळकवाडीत माझ्या बहिणीची माडीवरची खोली दिवाळीपासून रिकामी आहे. तिकडं उजाडलं की बहिणीला फोन लावतो. पोरगी शाकाहारी आहे का, तेवढं विचारून ठेव.
— खजिनदार