मदत हवी आहे : राज्य सरकारने कर कुठून वाढवावा? सोमवारच्या आत सांगा

बांधावरची :
नमस्कार. राज्य सरकारला जास्तीचा महसूल कुठून मिळू शकतो, हे मला सोमवारच्या आत नेमकं कळायला हवं आहे. शुक्रवारी भेट झाली तेव्हा "मागणी रास्त आहे, पण हा दरवर्षीचा खर्च आहे, पैसा कुठून आणायचा तेही सांगा," असं ऐकवलं आणि आम्ही पाचही जणी गप्प बसलो. परत गप्प बसायचं नाही. नेटवर शोधलं तर सगळं परीक्षेच्या नोट्ससारखं येतं, प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर आणि व्याख्या. मला एक पान हवं आहे, हातात देता येईल असं. कृपया लवकर.

कोकणकडा :
कुठलं राज्य? मागणी कसली? भेट कोणाशी? खर्च किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, ताई.

हिशेबनीस :
महाराष्ट्र धरून सांगतो. जीएसटी वाढवा असं चुकूनही लिहू नका. १ जुलै २०१७ पासून तो अधिकार एकट्या राज्याकडे नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. केंद्र नको म्हणालं की विषय तिथेच संपतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून दर खाली आलेत. सुरुवातीची पाच वर्षं १४ टक्के वाढ गृहीत धरून राज्यांना भरपाई मिळत होती, तीही जून २०२२ मध्ये थांबली. स्वतःचं म्हणावं असं राज्याकडे उरलंय ते पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारू, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. मागायचं ते यातूनच मागा.

रोखठोक :
नवीन कर कशाला? आधी वाटप थांबवा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी ठेवलेत. तेवढ्यात अख्ख्या राज्याचे दवाखाने आणि शाळा उभ्या राहतील.

तुळसवृंदावन :
रोखठोक, माझ्या आईला ते १,५०० मिळतात. त्यातून तिच्या बीपीच्या गोळ्या येतात, कारण सरकारी दवाखान्यात "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी देतात. तुम्ही एका गरिबाच्या तोंडचं काढून दुसऱ्याला द्यायला सांगताय. ताईंनी महसूल कसा वाढेल ते विचारलंय, तुम्ही खर्च कुठे कापायचा ते सांगताय.

रोखठोक :
पैसा एकाच तिजोरीतून जातो. दोन्ही एकच प्रश्न आहे.

बांधावरची :
इथे भांडू नका, माझ्याकडे दोन दिवस आहेत. महाराष्ट्रच, आणि भेट आमदारांशी. खर्च किती ते आम्हाला माहीत नाही. दवाखान्याची मागणी आहे.

कोकणकडा :
नवीन दवाखाना हवाय की आहे तो चालत नाही?

बांधावरची :
इमारत आहे. दोन वर्षांपूर्वी बांधून झाली. प्राथमिक आरोग्य केंद्र, पाटीसुद्धा लागलीय. खिडकीतून आत बघितलं तर प्रसूतीचं टेबल दिसतं, त्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. आतल्या बेसिनवर चिमणीचं घरटं आहे. गेल्या श्रावणात माझ्या जावेला रात्री कळा सुरू झाल्या. ३४ किलोमीटर जीपने ग्रामीण रुग्णालयात न्यायला निघालो, आणि घाटाच्या अलीकडे जीपमध्येच बाळंत झाली. टॉर्च मी धरली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्याच इमारतीवरून जीप गेली होती, कुलूप दिसत होतं.

निवृत्त लेखाधिकारी :
ताई, हे आधी लिहायला हवं होतं, सगळा प्रश्न इथेच आहे. मी जिल्हा परिषदेत २९ वर्षं लेखा विभागात काढली. मला एवढंच सांगा : पदं मंजूर आहेत आणि डॉक्टर येत नाहीत, की पदंच मंजूर नाहीत? "रिक्त" आणि "अनिर्मित" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिक्त असतील तर तुम्हाला एक रुपयाचाही नवा कर मागायची गरज नाही, भरतीचा पाठपुरावा करायचा.

मधुशाला :
यात एवढा विचार कसला? दारूवर कर वाढवा. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट केलं, दारूवरच्या त्या वेळच्या सगळ्या बदलांतून मिळून सरकारला १४,००० कोटी जास्तीचे अपेक्षित होते. पिणारा देतोच. मी स्वतः देतो.

वैनगंगा :
मधुशाला, मी चंद्रपूरची आहे. २०१५ साली आमच्याकडे दारूबंदी झाली ती काही हवेतून आली नव्हती, बायका मोर्चे काढून पायी चालत गेल्या होत्या. २०२१ ला बंदी उठली. तेव्हाही महसूल बुडतोय हे कारण ऐकायला मिळालंच. दवाखाना दारूच्या पैशावर चालवायचा म्हटलं की सरकारला दारू जास्त खपायला हवी असते. बांधावरची ताई, तुमच्या पानावर हा उपाय घेऊ नका, तुमच्यासोबत येणाऱ्या बायकांनाच तो पटणार नाही.

मधुशाला :
कर वाढला की खप कमी होतो, त्याचं काय?

वैनगंगा :
विदेशीचा कमी होतो. गरीब माणूस हातभट्टीकडे वळतो. आमच्या गल्लीत बघितलंय.

अभ्यासू मुंबईकर :
खरं दुखणं वेगळंच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या विभाज्य, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या करातला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. वर उपकर आणि अधिभार यातून येणारा पैसा वाटपात येतच नाही. लोकसंख्या आणि उत्पन्नातलं अंतर यांना निकषात वजन असल्यामुळे कमावणाऱ्या राज्याला कमी मिळतं. हा लढा दिल्लीत लढायला हवा.

हिशेबनीस :
मुद्दा बरोबर आहे, पण ताईंच्या सोमवारच्या पानावर हा लिहिला तर आमदार लगेच "हो, केंद्राकडे मागणी करू" म्हणतील आणि भेट पाच मिनिटांत संपेल.

कोचीचा पाटील :
मी नोकरीनिमित्त केरळात आहे. इथे एप्रिल २०२३ पासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये सामाजिक सुरक्षा उपकर लावला. ओरड झाली, आंदोलनं झाली, पण मागे घेतला नाही. सामाजिक सुरक्षा पेन्शनसाठी म्हणून नाव घेऊन लावला. कशासाठी घेताय ते सांगून कर घेतला की निदान जाब विचारता येतो.

रोखठोक :
महाराष्ट्रातलं पेट्रोल आधीच काय भावाने आहे ते बघितलंय का? शेतकऱ्याच्या पंपाला डिझेल लागतं.

आजोबांचा नातू :
मुद्रांक शुल्काचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आजोबांच्या नावचं घर वडिलांच्या नावावर बक्षीसपत्राने करायचं आहे. किती शुल्क लागेल?

हिशेबनीस :
राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागू शकतो, दुय्यम निबंधकांकडे विचारा. आणि कृपया वेगळा धागा काढा.

बांधावरची :
काका, विचारून आले. आरोग्य सेविका म्हणाली पदं "अजून वरून आलेली नाहीत". म्हणजे काय?

निवृत्त लेखाधिकारी :
म्हणजे पदनिर्मितीच झालेली नाही. आता नीट समजून घ्या, कारण आमदारांच्या "पैसा कुठून" या प्रश्नाची मेख इथे आहे. इमारत भांडवली खर्चातून होते. जिल्हा नियोजनातून किंवा कुठल्यातरी एकरकमी निधीतून पैसे येतात, फीत कापली जाते, काम संपलं. पगार महसुली खर्चातून द्यायचे, दर महिन्याला, तीस-तीस वर्षं. त्यासाठी सार्वजनिक आरोग्य विभागाचा प्रस्ताव वित्त विभागाकडे जातो आणि वित्त विभाग हात आखडता घेतो. तोही उगाच घेत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे ४५,८९१ कोटींची तूट. रोजच्या खर्चासाठीच कर्ज काढावं लागतंय, तिथे नवीन पगार कोण ओढवून घेईल?

म्हणून दरवर्षी हमखास येणारा पैसा दाखवावा लागतो. थकबाकीची अभय योजना, म्हणजे जुना थकलेला कर सवलत देऊन भरून घेणं, एकदाच पैसा देते. सरकारी जमीन विकली तर तीही एकदाच. त्यावर डॉक्टरचा पगार निघत नाही.

व्यवसाय कराचं उदाहरण मला सर्वात जवळचं वाटतं. १९७५ साली हा कर लावला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा कर, असा सरळ विचार होता. मी स्वतः प्रत्येक पगारातून भरला, फेब्रुवारीत ३०० आणि बाकीचे महिने २००, वर्षाचे २,५००. ही मर्यादा घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात आहे आणि १९८८ नंतर ती हललेली नाही. तेव्हाच्या २,५०० रुपयांत काय यायचं आणि आज काय येतं! महिन्याला दोन लाख मिळवणाराही २,५०० भरतो आणि पंधरा हजारवालाही. मर्यादा वाढवणं संसदेच्या हातात आहे, पण विधानसभेत ठराव करून मागणी करणं आमदारांच्या हातात आहे.

हिशेबनीस :
काका, पुन्हा पगारदारच? आमच्या पगारातून आधीच कापून जातं. बागायतदाराच्या उत्पन्नाला कोणी हात लावत नाही. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्य सूचीतच आहे.

रोखठोक :
शेतकऱ्यावर कर! गारपिटीनंतर येऊन माझं पीक बघून जा.

हिशेबनीस :
मी दोन एकरवाल्याबद्दल बोलत नाही. शेतीचं उत्पन्न दाखवून बाकीचा पैसा लपवणाऱ्यांबद्दल बोलतोय.

अभ्यासू मुंबईकर :
महागड्या गाड्यांवरचा वाहन कर घ्या ना. २०२५ मध्ये एका गाडीवरच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख केली. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के लावायचं मार्चमध्ये जाहीर झालं आणि मागे घेतलं. तीस लाखांची गाडी घेणाऱ्याला तेवढं जड नव्हतं.

वैनगंगा :
हे लिहा. हे बायकांनाही पटेल.

निवृत्त लेखाधिकारी :
वाहन कराचा मुद्दा चांगला आहे, आणि तो पूर्णपणे राज्याच्या हातातला आहे. मुद्रांक शुल्काबाबत दर वाढवा म्हणू नका. कोविडमध्ये सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दर ५ वरून २ टक्क्यांवर आणला तेव्हा नोंदणीला रांगा लागल्या होत्या, दर चढवला की लोक व्यवहार पुढे ढकलतात किंवा किंमत कमी दाखवतात. रेडी रेकनर, म्हणजे शुल्कासाठी सरकारने ठरवलेला मालमत्तेचा भाव, खऱ्या भावाच्या जवळ ठेवा, एवढंच मागा.

ताई, पानावर तीनच गोष्टी ठेवा, जास्त लिहिलं की वाचत नाहीत. आणि त्याआधी सर्वात वर पदनिर्मिती प्रस्तावाचा जावक क्रमांक आणि तारीख हवी. जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयातून प्रस्ताव गेलाच नसेल तर वित्त विभागाकडे पैसे असोत नसोत, काही उपयोग नाही. "प्रस्ताव पाठवला आहे" असं तोंडी सांगितलं तर मान्य करू नका.

बांधावरची :
सोमवार सकाळ. उशीर झाला, रेंज नव्हती. शनिवारी दोघी जणी जिल्ह्याला जाऊन आलो. शनिवार असल्याने साहेब नव्हते, पण बाबूंनी रजिस्टर उघडून दाखवलं. प्रस्ताव १५ पदांचा आहे, दोन वैद्यकीय अधिकारी धरून. एकदा पाठवला होता, त्रुटी काढून परत आला, आणि गेल्या आठ महिन्यांत पुन्हा गेलेला नाही. त्रुटी काय, तर लोकसंख्येचा दाखला जोडलेला नव्हता.

काका, आता पानावर काय ठेवू? कराचं सगळं काढून टाकू का?

निवृत्त लेखाधिकारी :
काढू नका. दाखला जोडून प्रस्ताव गेला की तो वित्त विभागात जाऊन पुन्हा याच प्रश्नावर अडेल, तेव्हा हे पान लागेल. पण आज आधी त्रुटीचं पत्र पुढे ठेवा. तुमचा भाग डोंगरी किंवा आदिवासी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला २०,००० लोकसंख्या पुरते, सपाटीला ३०,००० लागते. ते तपासून दाखला ग्रामसेवकांकडून नव्हे, तालुका पातळीवरून एकत्रित घ्या.

बांधावरची :
डोंगरी आहे. अकराची भेट आहे, निघते. वरती रजिस्टरचा जावक क्रमांक, मग वाहन कर, रेडी रेकनर आणि व्यवसाय कराचा ठराव, एवढंच घेतलंय. दारू घेतली नाही, वैनगंगाताई. जाऊबाईही सोबत येतेय, बाळाला घेऊन.