मदत हवी आहे: मुलांवरच्या एकत्रित रसायनांचा धोका, एकेक आकडा ठीक पण बेरीज १ च्या वर

शंकेखोर:
नमस्कार मंडळी, पब्लिक हेल्थच्या प्रोजेक्टसाठी दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शरीरात पाणी, धूळ, हवा, खाणं अशा सगळ्या वाटांनी मिळून किती रसायनं जातात त्याचा हिशोब करतेय. रोजचा डोस काढला, रेफरन्स डोसने (रोज गेला तरी चालेल असा मानलेला डोस) भागलं आणि प्रत्येकाचा हॅझर्ड कोशंट, म्हणजे तो भागाकार, १ च्या खालीच आला. शिसं ०.४, मँगनीज आणि आर्सेनिक प्रत्येकी ०.३, मिथाइल मर्क्युरी ०.२ आणि डीईएचपी, डीबीपी हे दोन थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) पण ०.२-०.२. पण सगळ्यांची बेरीज केली की हॅझर्ड इंडेक्स १.६ !! आता याचा अर्थ काय लावायचा? १.६ पट धोका असं तर नसणार ना? आणि प्रत्येक जण आपापल्या मर्यादेत आहे तर बेरीज करताच कशाला, असं व्हायव्हात कोणी विचारलं तर काय सांगू? शिवाय मुलांसाठी १० चा जादा फॅक्टर लावतात असं वाचलं, तो पण वरून लावू का? प्लीज कोणीतरी सांगा, डोकं गरगरतंय.

बेरीजवजाबाकी:
आधी तो १० चा फॅक्टर. तो अमेरिकेच्या १९९६ च्या फूड क्वालिटी प्रोटेक्शन अ‍ॅक्टमधला, कीटकनाशकांसाठी, आणि तुमच्या यादीत एकही कीटकनाशक नाही. रेफरन्स डोस ठरवतानाच माणसामाणसातल्या फरकासाठी साधारण १० पर्यंत सूट धरलेली असते, सरसकट परत लावलात तर तेच दोनदा मोजाल.

१.६ ही शक्यता नाही, मुलं आजारी पडण्याचं प्रमाणही नाही. "इथे थांबा आणि नीट बघा" एवढंच तो आकडा सांगतो. बेरीज का, तर २००२ साली कोर्टेनकँप यांच्या गटाने इस्ट्रोजेनसारखी वागणारी आठ कमजोर रसायनं एकत्र केली, प्रत्येकाचं प्रमाण असं की एकटं दिलं तर परिणाम दिसू नये, तरी मिश्रणाचा परिणाम स्पष्ट दिसला. प्रयोग यीस्टवरचा होता हे मात्र लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच धरतील.

गोगलगाय:
एक मिनिट, शिशाचा रेफरन्स डोस कुठून आणलात? अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संस्था) तर तो ठरवलेलाच नाही, कारण ज्याच्या खाली काहीच होत नाही अशी पातळी सापडलेली नाही.

शंकेखोर:
जेईसीएफएची (डब्ल्यूएचओ आणि एफएओची अन्नाबद्दलची तज्ज्ञ समिती) मर्यादा घेतली, आठवड्याला वजनाच्या किलोमागे २५ मायक्रोग्रॅम, ती सातने भागून.

गोगलगाय:
ती त्यांनी २०१० मध्येच मागे घेतली, त्या पातळीला मुलांचा बुद्ध्यांक निदान ३ ने घटतो असं दिसलं म्हणून. तुमच्या ०.४ चा अर्थ रोज किलोमागे साधारण १.४ मायक्रोग्रॅम. युरोपच्या ईएफएसएने (अन्न सुरक्षा संस्था) त्याच वर्षी मेंदूच्या वाढीसाठी ०.५ हा बेंचमार्क धरला आणि तो सुद्धा बुद्ध्यांक १ ने घटण्याशी जोडलेला, सुरक्षित पातळी म्हणून नव्हे. तुम्ही त्याच्या जवळपास तिप्पट आहात!! म्हणजे बेरजेपर्यंत जायच्या आधीच शिसं एकटंच मोठा विषय आहे, १.६ च्या आड ते लपून गेलंय.

दुसरं म्हणजे सगळं एकाच टोपलीत टाकू नका. आर्सेनिकचा जुना ०.३ मायक्रोग्रॅमचा रेफरन्स डोस त्वचेवरच्या परिणामावरून आलाय, ईपीएचा डीईएचपीचा यकृतावरून, मिथाइल मर्क्युरीचा मेंदूच्या वाढीवरून, त्यांची बेरीज नक्की कशाची? परिणामाप्रमाणे गट पाडा. शिसं, मँगनीज, मर्क्युरी हा मेंदूचा गट. आर्सेनिक त्यात घ्यायचं असेल तर मेंदूवरच्या परिणामाचा वेगळा आकडा शोधा, त्वचेचा उचलू नका. थॅलेट्सचा गट मुलग्यांच्या प्रजननसंस्थेच्या वाढीवरून करा. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००८ च्या अहवालात हेच सांगितलं होतं, रसायनाची काम करण्याची पद्धत एकच असायला हवी असा हट्ट धरू नका, शेवटी परिणाम कुठे होतो ते बघा. आणि मेंदूच्या गटात साधी बेरीज कमी सुद्धा पडू शकते, मेक्सिको सिटीतल्या तान्ह्या मुलांच्या अभ्यासात शिसं आणि मँगनीज दोन्ही जास्त असताना मतिविकासातली घट दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त दिसली. मँगनीजचं अजून एक लफडं आहे, ते शरीराला लागतं पण, त्यामुळे फार कमी असणंही चांगलं नाही.

बेरीजवजाबाकी:
+१. आणि हे आकडे सरासरीचे की वरच्या टोकाचे?

शंकेखोर:
प्रत्येक रसायनाचा ९५ वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९५ मुलं ज्याच्या खाली असतात तो आकडा) घेतलाय, सेफ साईडला राहावं म्हणून. गट पाडून परत करते. शिसं वेगळं काढून मार्जिन ऑफ एक्स्पोजर (बेंचमार्क भागिले मुलाचा डोस) लावू ना?

बेरीजवजाबाकी:
हो, शिशाला तेच लावा. पण पर्सेंटाइलची बेरीज नको. ज्याच्या घरात शिसं जास्त त्याच्याच पाण्यात आर्सेनिक जास्त आणि थॅलेट्स पण जास्त, असा सगळ्यात वरचढ पोरगा कदाचित तुमच्या डेटात नसेलच. आधी प्रत्येक मुलाचा आपला इंडेक्स काढा, मग त्या इंडेक्सचा ९५ वा पर्सेंटाइल घ्या. उलट सहा गोष्टी खरोखर एकाच मुलात एकत्र येत असतील तर ते सुद्धा असंच कळेल. वय पण फोडा, दोन वर्षांचं पोर जमिनीवर खेळतं, हात तोंडात घालतं, किलोमागे धूळ त्याच्या पोटात जास्त जाते, सहा वर्षांच्याची त्यात सरासरी केली की लहानग्याचा धोका पातळ होतो.

शंकेखोर:
धूळ सगळ्या घरांतून घेतलेली नाही, अर्ध्याच मुलांची आहे. पाणी सगळ्यांचं आहे.

गोगलगाय:
मग त्या अर्ध्यांचाच पूर्ण इंडेक्स काढा, बाकीच्यांचा पाणी आणि खाण्यापुरता वेगळा दाखवा. रिकाम्या जागी शून्य भरू नका.