चर्च चालवताना व्यवस्थापनशास्त्र कुठवर चालावे?

धागाकर्ता:
‘चर्च ही काही कंपनी नव्हे’ हे वाक्य बहुधा हिशेब मागितल्यावरच कानावर पडते. वास्तविक कामाची विभागणी चर्चला परकी नाही. बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्यानेच न्यायनिवाडे करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगतो. मग दानपेटी नात्यात नसलेल्या दोघांनी मिळून उघडावी, रक्कम मोजून त्याच दिवशी दोघांनी सही करावी आणि धनादेशावर पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, एकट्याची सही चालू नये, एवढ्याने श्रद्धेला कसला धक्का बसतो? (येशूच्या बारा शिष्यांची पैशांची थैली, पुढे त्याचाच विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्याच हाती होती.)

पहिला प्रतिसाद:
विरोध हिशेबाला नाही, त्यामागोमाग येणाऱ्या उद्दिष्टांना आहे. शिकागोजवळचे विलो क्रीक चर्च 1975 मध्ये सुरू झाले ते घरोघर जाऊन, लोक चर्चला का येत नाहीत, हे विचारून. चर्च अफाट वाढले; पण 2007 मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, कार्यक्रमांतील सहभाग वाढला म्हणून देवावरचे प्रेम वाढतेच असे नाही. उपस्थिती हेच यशाचे माप ठरले की पश्चात्तापासारखा अवघड विषय प्रवचनातून हळूहळू गळतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेजवळ पाळकांनी घालवलेली दुपार कोणत्याच रकान्यात बसत नाही.

दुसरा प्रतिसाद:
हे उदाहरण आपल्यावरच उलटते, कारण ती उणीव उघडकीस आली ती मोजमापामुळेच. उलट, दूरचित्रवाणीमुळे जगभर पोचलेल्या कॅलिफोर्नियातील क्रिस्टल कॅथीड्रलने 2010 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा पुरवठादारांची देणी थकलेली होती. आपल्या कष्टाच्या बिलासाठी ताटकळणाऱ्याला प्रवचन किती सखोल होते, याचे काय?

पहिला प्रतिसादक:
अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण मला मान्यच आहे. पाळकांचे मूल्यमापन कोण करणार आणि कशावरून, याचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही.

धागाकर्ता:
वडीलमंडळाने, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी, वर्षातून एकदा त्यांच्याशी सविस्तर बोलावे. आजाऱ्यांच्या भेटी होतात का, तक्रार करणाऱ्याला दाद मिळते का, हे विचारावे. बाप्तिस्म्यांचा आकडा लक्ष्य म्हणून देऊ नये आणि वेतनवाढ उपस्थितीशी जोडू नये.

पहिला प्रतिसादक:
हे शेवटचे वाक्य मंडळीच्या नियमावलीत घाला, म्हणजे पुढच्या समितीला ते सोयीस्करपणे विसरता येणार नाही. तेवढे होत असेल, तर दानपेटीच्या दोन सह्यांना माझा पाठिंबा आहे.