गारेचं (चकमकीच्या दगडाचं) जुनं पिस्तूल: कुठलं आणि कोणी बनवलेलं? (नाशिक)

प्रश्न

जुन्या नाशकातल्या वाड्यात निघालेलं पिस्तूल ओळखायचं आहे. नळी 229 मिमी, तोंडाशी आतला व्यास साधारण 16.6 मिमी. दस्त्याला पितळी टोपी, लोखंडी गज कडीने नळीला जोडलेला. लॉकच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर मागच्या पायांवर उभा सिंह, पुढच्या पायांत मुकुट. नाव कुठेच नाही. घरचे म्हणतात पेशव्यांचं आहे. भांडी बाजारातून पॉलिश करून आणलं तर नाव उमटेल का?

उत्तर १

पॉलिश अजिबात नको. उथळ शिक्के त्यातच जातात.

ओळख नंतर, आधी बार (दारू आणि गोळी) भरलेला आहे का ते बघा. घोड्याला (गार धरणाऱ्या आकड्याला) हात लावू नका, नळीसमोर कोणी नको. बांबूची काडी टेकेपर्यंत आत घाला, तोंडाशी खूण करा, मग ती काडी नळीला बाहेरून लावा. टोक कानापाशी (रंजकाच्या, म्हणजे ठिणगी पडते त्या दारूच्या, वाटीजवळचं भोक) आलं तर नळी रिकामी. दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच अडलं तर आत बार किंवा कचरा, आणि बारच आहे असं धरून चाला. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे-दोनशे वर्षांनीही पेटते. कोरू नका, तापवू नका, पोलिसांना कळवा.

आता सिंह. ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण, साधारण 1808 पासूनची. त्याआधी बदामी आकारात व्ही-ई-आय-सी ही रोमन अक्षरं आणि वर 4 असा शिक्का असे. 9 इंची नळी आणि 0.65 इंचाचं भोक ही त्या काळच्या इंग्रज घोडदळी पिस्तुलाची मापं. पेशवाई 1818 ला संपली, तेव्हा पेशव्यांच्या काळात बनलेलं असू शकेल. पेशव्यांसाठी बनलेलं नव्हे.

पण नुसत्या लॉकवर जाऊ नका. एकाचं लॉक दुसऱ्याच्या नळीला, हे सर्रास. खरी कुंडली नळीच्या मागच्या टोकाशी, बहुतेक वरच किंवा डाव्या अंगाला. मुकुटाखाली जी-पी आणि मुकुटाखाली व्ही असेल तर चाचणी (नळी बार सोसते का याची) लंडनची. आडव्यातिडव्या राजदंडांत बी-पी-सी असेल तर बर्मिंगहॅम, 1813 नंतरची. लंबगोलात ई-एल-जी म्हणजे बेल्जियममधलं लिएज.

उत्तर २

लॉक काढायचंच असेल तर नळी रिकामी ठरल्यावरच, घोडा अर्ध्यावर ठेवून. खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्या. बाजूचे स्क्रू तीन-चार फेरे सैल करा आणि त्यांच्या माथ्यावर लाकडी मुठीने हलके ठोका, लॉक आपोआप सुटतं. पट्टीखाली पेचकस घालून उचकटलं की कडेच्या लाकडाचा टवका उडालाच. आतल्या अंगाला कारागिरांची आद्याक्षरं मिळतात.

नकलांचंही बघा. कान आरपार नसेल, सगळे स्क्रू एकाच साच्यातले आणि एकमेकांच्या भोकांत बसत असतील, तर ते शोभेचं.

प्रश्नकर्ता

काडी कानापर्यंत गेली. खडूची पूड चोळल्यावर मुकुट-जीपी, मुकुट-व्ही दिसले. शेजारी दोन लहान अक्षरं आहेत, एक झिजलेलं.

उत्तर १

मग नळी लंडनची चाचणी झालेली. ती अक्षरं बहुधा नळी घडवणाऱ्याची, अख्खं पिस्तूल पुरवणाऱ्याची नव्हेत. कंपनी कंत्राटदारांकडून माल घेई, त्यामुळे एकच ‘निर्माता’ सांगणं अवघड. तिरप्या उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो टाका.

कायद्याचं: दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मध्ये सूट आहे, पण तसं आपणच ठरवू नका. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. आणि तोवर घोडा ओढून बघायची हौस नको, जुनी कमान (स्प्रिंग) मोडते.