मदत हवी आहे: काहीच त्रास नसताना अमिलॉइड पेट स्कॅन करून घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी ५१ वर्षांची. आईला सहा वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं, तेव्हा ती ६९ची होती. आम्हाला त्याच्या दोन वर्षं आधीच, दिवाळीत कळायला हवं होतं. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी डोळे मिटून काढणारी बाई ठिपके घालून नुसती बसून राहिली होती. ओळी सरळ, अंतर नेमकं, पण कुठला ठिपका कुठे जोडायचा ते सुचेना. ‘गुडघे दुखतात गं’ म्हणाली आणि आम्ही ते खरं मानलं. ते अंगण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

गेल्या महिन्यात हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये माझा मेंदूचा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भागाचं आकारमान १८व्या पर्सेंटाइलवर दाखवलंय. न्यूरॉलॉजिस्टनी स्मृतीच्या चाचण्या घेतल्या, त्या नॉर्मल आल्या. ते म्हणाले, “शंभरात अठरा जणींचं याहून लहान असणारच. एका फोटोवरून काही ठरत नाही. काही वर्षांनी त्याच मशीनवर पुन्हा काढू, किती फरक पडला ते बघू.” माझा भाऊ मात्र हटून बसलाय, की अमिलॉइड पेट (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमिलॉइड प्रथिन दाखवणारा स्कॅन) करून टाक, एकदाचं कळेल तरी.

पण काय कळेल? अमिलॉइड प्रथिन लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साचायला लागतं आणि पेटमध्ये दिसतं, इथवर मला पटतं. पण ते साचूनही शेवटपर्यंत डोकं शाबूत राहिलेले वृद्ध पुष्कळ आहेत. शिवाय दिसलं तर पुढे काय? ए-फोर नावाच्या अभ्यासात ६५ ते ८५ वयाच्या, लक्षणं नसलेल्या पण अमिलॉइड असलेल्या लोकांना सोलानेझुमॅब हे अमिलॉइडविरोधी औषध साडेचार वर्षं दिलं. २०२३मध्ये निकाल आला, घसरण मंदावली नाही. लेकानेमॅब या दुसऱ्या अमिलॉइडविरोधी औषधाला त्याच वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण ती सौम्य लक्षणं सुरू झालेल्यांसाठी.

आणखी एक शंका मनातून जात नाही. पर्सेंटाइल काढताना माझी तुलना कोणाच्या मेंदूंशी केली? सेंटरला विचारलं तर ‘सॉफ्टवेअरमध्येच असतं मॅडम’ एवढंच उत्तर मिळालं. बंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च ४५च्या पुढच्या भारतीयांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय, त्यात एमआरआयही असतो. अशा माहितीशी ताडून पाहिलेला रिपोर्ट कुठे मिळतो का?

तोवर हातात आहे ते सुरू केलंय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितलेत, त्यात कमी ऐकू येणंही आहे. आई कितीतरी वर्षं टीव्ही मोठ्याने लावायची, आम्ही फक्त आवाज कमी करायचो. मी कानांची तपासणी करून आले, बीपी रोज लिहून ठेवते.

ज्यांनी स्वतः लक्षणं नसताना हे पेट स्कॅन केलंय, त्यांनी कृपया लिहा. पॉझिटिव्ह आल्यावर रोजच्या जगण्यात काय बदललं? मुलांना सांगितलंत का? माझी मुलगी २३ची आहे, आजीचं सगळं तीच करते. विम्याचा फॉर्म भरताना हा रिपोर्ट दाखवावा लागला का? आणि ज्यांनी दोन-तीन वर्षांच्या अंतराने एमआरआय पुन्हा काढलेत, त्यांना डॉक्टरांनी फरक कसा समजावून सांगितला?

भावाने २२ तारखेची वेळ घेऊन ठेवलीय. त्याआधी काही कळलं तर फार बरं होईल.