एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी ग्रामपंचायतीनं खोल्या बांधाव्या का?

आशा सेविका, यवतमाळ जिल्हा

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्हाला एक विषय ठेवायचा आहे. त्याआधी इथं बोलून घ्यावं म्हणते. गावात कोंडवाड्याची जुनी जागा पडून आहे. तिथं ग्रामपंचायतीनं सहा खोल्या बांधाव्या, मालकी ग्रामपंचायतीचीच. एकटी म्हातारी माणसं, विधवा, दिव्यांग आणि दुसऱ्याच्या घरात भाड्यानं नाहीतर मेहरबानीवर राहणारे, यांना त्या हयातभर द्याव्या. माणूस गेलं की खोली पुढच्या गरजूला.

घरकुल आहेच की, असं कोणी म्हणेल. माझ्या वस्तीत एक आजी आहे, पंचाहत्तरी ओलांडलेली, मूलबाळ नाही. कुडाच्या भिंती, वर कवेलू, कवेलूवर फाटकी ताडपत्री. मागच्या झडीत बीपी पाहायला गेले तर बाजेचे चारही पाय विटांवर चढवलेले आणि पिठाचा डबा तिच्या उशाशी. खाली सगळं पाणी. हिचं नाव घरकुलाच्या यादीत आलं होतं! पहिला हप्ता १५ हजारांचा. जोत्यापर्यंत काम आणा, फोटो काढा, मग पुढचा हप्ता. म्हणजे आधी पदरचं टाका. तिच्याकडे काय, तर श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याला दीड हजार. घरकुलासोबत रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी मिळते, पण ती कामावर उभं राहणाऱ्याला. हिला पाण्याचा गुंड उचलत नाही. मिस्त्री म्हणाला, सामान आणून टाका, मी येतो. सामान आणणार कोण? शेवटी तिनं अंगठा देऊन लिहून दिलं, मला घरकुल नको. आता कागदावर ती लाभ नाकारणारी.

निवृत्त ग्रामसेवक, वाशीम

ताई, तळमळ समजते, पण माझा विरोध आहे. आयुष्य गेलं ग्रामपंचायतीच्या दप्तरात. बांधायला एकवेळ पैसे मिळतील, पुढे काय? वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेल्या पैशांवर गावातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक नाली डोळा ठेवून. घरपट्टी किती वसूल होते ते तुम्हालाही माहीत आहे. दुसरं म्हणजे ग्रामपंचायतीचे गाळे आठवा. भाडं जुनंच, गाळा पोटभाड्यानं तिसऱ्याला, आणि खाली करा म्हटलं की कोर्ट. खोल्यांचं तेच होईल. आजी गेली की भाचा कुलूप लावून बसेल.

त्या आजीचं म्हणाल तर चूक योजनेची नाही, राबवणाऱ्याची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलं आहे की लाभार्थी वृद्ध, अशक्त किंवा दिव्यांग असेल आणि स्वतः बांधू शकत नसेल, तर ते घर गवंडी प्रशिक्षणात घ्यायचं, म्हणजे शिकणाऱ्या गवंड्यांकडून बांधून घ्यायचं. तरी नाही झालं तर ग्रामपंचायतीच्या आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांच्या मदतीनं बांधून द्यायचं. अंगठा घेणाऱ्यानं हे तिला सांगायला पाहिजे होतं. फार मोठा अन्याय आहे हा.

शिलाईकाम करणारा, ब्रह्मपुरी तालुका

साहेब, हे घर असणाऱ्यांचं झालं. आमचं काय? दोन्ही पाय पोलिओनं गेले. गावातच एका खोलीत बारा वर्षं भाड्यानं आहे. ग्रामपंचायतीची घराची नोंद, नमुना ८, मालकाच्या नावानं, पावती नाही, करारनामा नाही. घरकुल मागायला गेलो तर पहिला प्रश्न, जागा कुठे आहे? जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, आधी ५० हजार होते, आता १ लाख. पण त्या पैशात जागा मिळाली ती नाल्यापलीकडे. पावसाळ्यात माझी तीनचाकी तिथं कशी जाणार? मशीन घेऊन बसलो तर गिऱ्हाईक येईल का?

मला तर खोलीच पाहिजे. फक्त दाराला उंबरठा नको, संडास आतून पाहिजे आणि धरायला पाईप पाहिजे. दिव्यांगांवर खर्चायचा स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी ग्रामपंचायतीकडे असतो, तो यात घाला. दरवर्षी त्यातून काहीतरी वस्तू हातात ठेवतात आणि फोटो काढतात. छप्पर द्या म्हणावं.

वर्ध्याची सून

मला वाचूनच कसंतरी झालं. खोल्या तयार झाल्या की गावातली पोरं काय करतील माहीत आहे? "बाबा, तिकडे मोकळी खोली आहे, जा." आज निदान लोकलाजेनं सपरीत, म्हणजे ओसरीत तरी ठेवतात. आमच्या शेजारच्या काकांनी घर मुलाच्या नावानं करून दिलं आणि सहा महिन्यांत त्यांचं ताट सांदवाडीत गेलं. गुरांच्या बाजूला बसून जेवणारा माणूस मी रोज पाहिला आहे. त्यांना खोली नको होती, स्वतःचं घर पाहिजे होतं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे अर्ज करता येतो, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर परत मिळू शकतं. पण ती अट लेखी असलेली बरी, आणि काकांना ते कोणी सांगितलंच नाही. आधी हे गावोगावी सांगा.

कास्तकार, दिग्रस

कोंडवाडा आमच्याकडे गावाच्या पार टोकाला आहे. रात्री बुढीला काही झालं तर हाक कोणाला ऐकू जाईल? जागा बदला, मग माझा पाठिंबा.

आशा सेविका, यवतमाळ जिल्हा

सगळ्यांचं वाचलं. ग्रामसेवक भाऊ, सोमवारी त्या सूचनेचा कागद घेऊन पंचायत समितीत जाते. आजीचा अंगठा रद्द करून तिचं घरकुल तिच्याच जागेवर झालं तर उत्तमच. पण ब्रह्मपुरीच्या दादांना तो कागद कामाचा नाही, म्हणून खोल्यांचा विषय सोडत नाही. सहाऐवजी चार मागू. त्याही अंगणवाडीमागे, तिथं दिवसभर माणसांची जाग असते. वर्ध्याच्या ताईंचं म्हणणं मनाला लागलं. गावात मुलाचं घर असणाऱ्याला खोली द्यायची नाही, त्याला प्रांताकडे अर्ज लिहून द्यायला मी सोबत जाईन. खोली कोणाला ते ग्रामसभेत नाव वाचून ठरेल, आणि वारसाचा हक्क नाही हे ताबा देतानाच लिहून घेऊ.

आजीला काल विचारलं. म्हणाली, "कुठंही ठेव माय, पण चूल माझी वेगळी पाहिजे." नकाशात नुसता गॅसचा ओटा होता. आता दाराबाहेर चुलीपुरतं छप्पर धरायला मिस्त्रीला सांगितलं आहे.